पायऱ्या कोण मोजणार?

भाऊजींच्या निधनाची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात दोन ओळींत आली, आणि त्या दोन ओळींत तीन चुका होत्या. वय एका वर्षाने जास्त छापले होते. हुद्दा 'मोजणीदार' असा न देता नुसता 'निवृत्त कर्मचारी' असा दिला होता. आणि शेवटी, ज्याला कोणी उरलेले नाही त्याच्याही बातमीला जे वाक्य हमखास चिकटवले जाते, ते चिकटवले होते: त्यांच्या पश्चात मोठा परिवार आहे. मोठा परिवार म्हणजे मी, त्यांच्या दिवंगत पत्नीचा धाकटा भाऊ. एक मुलगी आहे. तिचे पुढे सांगतो. दुरुस्ती छापावी म्हणून मी संपादकांना अर्ज केला, त्याला आज अकरा आठवडे झाले. ज्या माणसाने चौतीस वर्षे इंचाचा आठवा भागसुद्धा कोणाला सोडला नाही, त्याच्या माथी एक अख्खे वर्ष फुकट मारले जावे आणि त्याची कोणी दाद घेऊ नये, हे मला सहन होत नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

भाऊजी भूमापन खात्यात होते. हद्दीवरून दोन शेजारी भांडले की त्यांना बोलावणे येई. ते साखळी, झेंड्या आणि खुंट घेऊन जात, दिवसभर उन्हात उभे राहत आणि संध्याकाळी दोघांचेही शत्रू होऊन घरी परतत. कारण ज्याचे कमी निघे तो चिडे, आणि ज्याचे जास्त निघे त्याला वाटे, एवढेच कसे निघाले. लोक त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होते. "फूटपट्टी बारा इंचांचीच असते, हेच लोकांना खुपतं," एवढे बोलून ते विषय संपवत.

पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझी बहीण पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली, आणि हे गृहस्थ दाराच्या चौकटीकडे टक लावून बसले होते. "वरच्या अंगाला पाव इंच कललीय," हे त्यांचे तिच्यासमोर उच्चारलेले पहिले वाक्य. बहीण पुढे पंचवीस वर्षे सांगत असे, "मला वाटलं, मलाच म्हणतायत!"

'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर काढला की ताटात केस सापडल्यासारखा त्यांचा चेहरा होई. त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी खात्यातल्या प्रत्येक नवख्याला, मला, आणि पुढे स्वतःच्या मुलीलाही घोटून घोटून शिकवला: "आठवणीवर आकडा लिहायचा नाही. जागेवर जायचं, पायाखाली घ्यायचं, मगच कागदावर उतरवायचं." या नियमाबद्दल मला पुन्हा लिहावे लागणार आहे.

त्यांचे सरकारी निवासस्थान चर्चच्या समोर होते. भाऊजी कधी प्रार्थनेला गेल्याचे मला आठवत नाही. देवाशी त्यांचे वाकडे नव्हते. त्याचे मोजमाप घेता येत नाही, एवढ्याच कारणाने त्यांनी तो विषय बाजूला ठेवला होता. इमारत मात्र त्यांना मनापासून आवडे. "सबंध गावात काटकोनात उभी असलेली ही एकच वास्तू," असे ते म्हणत. रविवारी प्रार्थना सुटून माणसे पांगली की ते मुलीला घेऊन आवारात जात. मोठ्या दारासमोर उभे राहून विचारत, "पायऱ्या कोण मोजणार?" आणि ती "मी!" म्हणून धावत सुटे. दारापर्यंत सात पायऱ्या. वरच्या गोल खिडकीत बारा रंगीत काचा. मग कुंपणाचे गज, मग घंटेवर कोरलेले साल. बापलेकीची ही पूजा दर रविवारी यथासांग चाले.

एकदा मीही तिथे होतो. मुलगी सहा-सात वर्षांची असेल. ती जागची न हलताच म्हणाली, "सातच आहेत, मला माहितीय."

"गेल्या रविवारी होत्या," भाऊजी म्हणाले. "आज आहेत का, ते बघ."

"बाबा, पायरी कुठं जाते का?"

"पायरी जात नाही. माणूस चुकतो. जा, मोज."

ती पाय आपटत गेली आणि सात मोजून आली.

मुलगी मोठी झाली, तिचे लग्न झाले, ती दूरच्या शहरात राहू लागली. माझी बहीण गेली. भाऊजी निवृत्त झाले, सरकारी घर सुटले आणि ते आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला आले. त्यांची खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत येते. ती किती अंतरावर आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी मोजून ठेवले होते.

सहा वर्षांपूर्वी मुलीच्या सासरी हद्दीचा वाद उपटला. व्याह्यांनी भाऊजींना मानाने बोलावले. घरचाच मोजणीदार, मग काळजी कसली! आश्चर्य म्हणजे त्यांची ख्याती आणि टोपणनाव ऐकून असलेला शेजारीही म्हणाला, "फूटपट्टी मोजणार असेल तर आमची हरकत नाही." भाऊजींनी आधी पुढून मागे आणि मग मागून पुढे, असे दोनदा मोजले. व्याह्यांच्या स्वयंपाकघराची भिंत शेजाऱ्याच्या जागेत दोन फूट तीन इंच शिरलेली निघाली. त्यांनी तसे लिहून दिले आणि खाली सही केली.

नंतरचे बोलणे भाऊजींनीच मला सांगितले, त्यामुळे त्यात एका शब्दाचाही फरक नसणार.

"बाबा, दोन फुटांनी कोणाचं काय बिघडलं असतं?"

"बिघडलेलं होतंच. मी फक्त मोजलं."

"आणि माझ्या घराचं काय?"

"घर तुझंच आहे. भिंत तेवढी तुझी नव्हती."

भिंत पाडावी लागली. चार महिने ती व्हरांड्यात शेगडी मांडून स्वयंपाक करत होती. फोडलेल्या विटांचा ढीग अंगणातून कोणी हलवू म्हटले तरी सासू हलवू देईना. "राहू दे, माहेरची भेट आहे," असे ती आल्यागेल्याला सांगे. मुलीने बापाशी बोलणे टाकले. मी भाऊजींची बाजू घेऊन तिला पाच पानी पत्र लिहिले, मुद्देसूद, सोबत तीन परिशिष्टे. तेव्हापासून तिने मामाचेही नाव टाकले. भाऊजींनी दोन पत्रे पाठवली. दोन्ही न फोडता परत आली.

गेल्या वर्षी एका रविवारच्या पुरवणीत तिचा फोटो आला. ती, तिची लहान मुलगी आणि दोघींच्या हातात मिळून एक प्लास्टिकचा डबा. मजकूर असा होता, की एक खेळ आहे: कोणीतरी डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर देतो, आणि लोक मोबाइल घेऊन तो शोधत फिरतात. सापडला की आतल्या वहीत सही करायची आणि संकेतस्थळावर नोंद करायची. काही डब्यांची जागा सरळ दिलेली नसते. आधी कोडे सोडवायचे, उत्तरांतून आकडे मिळवायचे, ते गाळलेल्या जागी भरायचे. या मायलेकी सुट्टीच्या दिवशी असे डबे शोधत गावोगाव हिंडतात. खेळात प्रत्येकाला टोपणनाव घ्यावे लागते. तिने घेतलेले नाव छापले होते: 'सातपायरी'.

भाऊजींनी तो मजकूर भिंगाखाली धरून पुन्हा पुन्हा वाचला. "म्हणजे विसरली नाही," ते म्हणाले. बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी नवा मोबाइल आणला.

तीन महिने त्यांनी तो खेळ शिकण्यात घालवले. मी कचेरीतून परतताना त्यांच्याकडे जात असे, तेव्हा ते मला "या, अर्जदार!" म्हणून आत घेत आणि शंका विचारत. हे नाव मला त्यांनीच ठेवले होते. पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस शिक्षण मंडळाच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षे एकाच खुर्चीवर बसतो, तेव्हा त्याने अर्ज करू नयेत तर काय करावे? पदोन्नतीपासून गल्लीतल्या गटारापर्यंत मी तीनशेवर अर्ज केले आहेत. त्यांचे काय झाले हे विचारू नये.

भाऊजींनी खेळातले आपले नाव 'बारा इंच' असे घेतले आणि चर्चभोवतीचे कोडे रचले. पायऱ्या किती, गोल खिडकीत काचा किती, पुढच्या कुंपणाला गज किती, घंटेवरच्या सालातला शेवटचा आकडा कोणता. ही चार उत्तरे अक्षांश-रेखांशातल्या गाळलेल्या जागी भरली की डब्याची जागा मिळे. पायऱ्यांचा आकडा सर्वांत नाजूक ठिकाणी बसवला होता: तो एकाने चुकला तर जागा साडेअठरा मीटर सरके. डबा आवाराच्या मागच्या भिंतीला लागून, पाण्याच्या टाकीखालच्या सुट्या दगडामागे ठेवला. फादरांची परवानगी मी लेखी घेतली. कोड्याला नाव दिले: 'पायऱ्या कोण मोजणार?'

"सरळ एक निरोप का पाठवत नाही तिला? त्या संकेतस्थळावरून पाठवता येतो," मी म्हटले.

"बोलावल्यासारखं व्हायला नको. नाव वाचून तिला यावंसं वाटलं, तर येईल."

"आणि डब्यात काय ठेवलंत?"

"पत्र. पाकिटावर तिचं टोपणनाव आहे. दुसरा कोणी फोडणार नाही."

"काय लिहिलंय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यात एकही आकडा नाही," ते म्हणाले.

मी त्यांना चाळीस वर्षे ओळखत होतो. याहून मोठी माफी त्या माणसाला मागता येणे शक्य नव्हते.

पहिल्या काही महिन्यांत तीन अनोळखी माणसांनी डबा शोधला. एकाने तर लिहिले, "इतकं अचूक कोडं आजवर पाहिलं नव्हतं." ती नोंद भाऊजींनी मला चार वेळा वाचायला लावली. मग एके सकाळी ते न्हाणीघरात घसरले आणि कंबरेचे हाड मोडले. "फरशीचा उतार मोरीच्या उलट दिशेला आहे. मी घरमालकाला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं," असे ते स्ट्रेचरवरून सांगत होते. त्यानंतर ते पलंगावरून उठले नाहीत. डोळेही साथ देईनात. रोज संध्याकाळी मी त्यांना मोबाइलवरच्या नवीन नोंदी वाचून दाखवू लागलो. रोज माझे पाऊल उंबऱ्यात पडले की प्रश्न ठरलेला: "आज काय?"

आता माझ्याविषयी लिहिणे भाग आहे.

त्याच सुमारास भाऊजींच्या सांगण्यावरून मी डबा ठीक आहे की नाही हे पाहायला चर्चच्या आवारात गेलो होतो. परतताना, सगळ्यांत खालच्या पायरीचा एक कोपरा फुटलेला होता तिथे, माझा पाय मुरगळला आणि मी चारचौघांत तोंडावर पडलो. भाऊजींना मी हे सांगितले नाही. ते म्हणाले असते, "जमिनीवरून चालताना आभाळातले दोष काढत होतास ना?" लंगडण्याचे कारण विचारले तेव्हा मी विषय बदलला. चर्चच्या व्यवस्थापन समितीला मात्र रीतसर अर्ज केला. सोबत पायरीचे छायाचित्र, डॉक्टरांचा दाखला आणि जागेचा हाताने काढलेला नकाशा.

पाचच आठवड्यांत काम झाले! पायरी दुरुस्त करत बसण्यापेक्षा समितीने दारासमोरच्या सबंध आवारात भर टाकून वर सिमेंटचे ठोकळे बसवले. आवार सपाट झाले, सुरेख झाले, आणि फुटकी पायरी त्या भरावाखाली कायमची गाडली गेली. फुलझाडांच्या वाफ्यांना पूर्वी विटांची कड होती, ती ठेकेदाराने उखडून काढली. मला समितीचे पत्र आले: आपल्या अर्जातील नमूद त्रुटी दूर करण्यात आली आहे. अठ्ठावीस वर्षांत आलेले असे पहिले पत्र. मी ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवले. जाऊन त्या आवारात दोन फेऱ्याही मारल्या. पायऱ्या मोजल्या नाहीत. त्या मोजाव्यात असे मनातही आले नाही. पाय घसरत नाही, एवढेच मी पाहिले. भाऊजींना हेही सांगता आले नाही, कारण यश सांगायचे तर आधी पडलो हे सांगावे लागले असते.

त्यानंतर दोन नोंदी आल्या. पहिली: "सापडला नाही." दुसरी: "सापडत नाही. कोडंच चुकलंय."

भाऊजी पलंगावर उसळले. "कोडं नाही, हा चुकलाय! चार आकडे मोजता येत नाहीत आणि निघालेत डबे शोधायला. तू जा. डबा जागेवर आहे का, तेवढं बघून ये."

मी गेलो. मला जागा ठाऊक होती. मी सरळ टाकीपाशी गेलो, दगड सरकवला, डबा पाहिला, पाकीट पाहिले आणि परत आलो. "सगळं जागच्या जागी," मी सांगितले.

"बघ!" ते म्हणाले आणि समाधानाने डोळे मिटून पडले.

आयुष्यभर ज्याने मला जागेवर जाऊन मोजायला शिकवले, त्याच्याच वतीने मी जागेवर गेलो आणि मोजले नाही.

मग एका मंगळवारी 'सातपायरी'ची नोंद आली. कचेरीतून निघताना मी ती वाचली आणि जिन्यातच थांबलो. खाली-वर करणारी माणसे मला वळसा घालून जात होती. ती जशीच्या तशी देतो:

"सापडलं नाही. चौदा तास प्रवास करून मुलीला घेऊन आले होते. सगळं जागेवर मोजलं, जसं शिकवलं होतं तसं. आकडे मागच्या भिंतीपलीकडे घेऊन गेले. तिथं फोडलेल्या विटांचा ढीग आहे. समजलं."

मी उंबऱ्यात पाऊल टाकले.

"आज काय?"

वाचू नये असा विचार मी केला होता. परंतु त्या माणसाशी खोटे बोलायला जी तयारी लागते ती माझ्याजवळ नव्हती. फक्त गप्प राहण्याची होती, आणि ती मी वापरून संपवली होती. मी वाचले.

'चौदा तास' ऐकून ते हसल्यासारखे झाले. शेवटच्या शब्दानंतर मात्र पांघरुणावर बोटाने रेघा ओढू लागले.

"विटा कुठून आल्या तिथं?"

"वाफ्यांच्या कडा काढल्यात. ठेकेदारानं भिंतीपलीकडे टाकल्या असतील."

"भिंतीपलीकडे म्हणजे साडेअठरा मीटर. म्हणजे एक कमी धरला. पायऱ्या सहा धरल्या तिनं."

"चुकली असेल."

"ती नाही चुकत." ते म्हणाले. "मीही सात मोजल्या होत्या. दोनदा. मग पायरी गेली कुठं?"

मी म्हटले, "आवारात भर टाकलीय. ठोकळे बसवलेत. खालची पायरी आत गेली."

"कोणी सांगितलं होतं त्यांना?"

आजवरच्या प्रत्येक अर्जात मी दोषी व्यक्तीचे नाव आणि हुद्दा स्पष्ट लिहीत आलो आहे. त्या दिवशी म्हणालो, "समितीनं केलं."

"मग कर अर्ज. काढायला लाव ते ठोकळे." त्यांच्या ओठांवर जुनी थट्टा आली. "पण तुझ्या अर्जाला कोण भीक घालणार! आजवर एक तरी लागू पडलाय का रे?"

"एक पडलाय," मी म्हणालो.

भाऊजींनी मान वळवली. नकाशावरून जमीन वाचणारा माणूस. त्याला माझा चेहरा वाचायला किती वेळ लागणार? त्यांची नजर माझ्या पायाकडे गेली.

"दिनांक?" त्यांनी विचारले.

मी सांगितला.

ते मनातल्या मनात हिशेब करत होते. "डबा ठेवल्यावर साडेपाच महिन्यांनी. म्हणजे मी मोजलं त्या दिवशी माझं बरोबर होतं."

"हो."

"आणि तिचंही बरोबर आहे."

"हो, भाऊजी."

त्या पहिल्या क्षणी त्यांना बरे वाटले, हे मी शपथेवर सांगतो. मोजमाप चुकले नव्हते, ना बापाचे, ना लेकीचे. ते बरे वाटणे चेहऱ्यावरून कसे उतरत गेले, तेही मी पाहिले. मी बोलणी खायला तयार होतो. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही.

"तिला सात आठवत होत्या रे," ते म्हणाले. "नावच ते घेतलंय तिनं. आठवणीवर लिहिलं असतं, तर हात घालताच डबा मिळाला असता." आणि थोड्या वेळाने: "मीच शिकवलं."

मग त्यांनी विचारले, "आता तिला कोण सांगणार?"

मी प्रयत्न केले. संकेतस्थळावरून तिला निरोप धाडला; उत्तर असे आले, की हे खाते बंद करण्यात आले आहे. त्या पाच पानी पत्राच्या माझ्याकडील प्रतीवर व्याह्यांचा दूरध्वनी क्रमांक होता. जावयाने उचलला.

"मी मामा बोलतोय. तिला फक्त एवढं सांगा, पायरी खाली गाडली गेलीय, त्या विटा—"

"मामा, आमच्याकडे आता काही मोजायचं राहिलेलं नाही," तो अगदी शांतपणे म्हणाला. मागे एका लहान मुलीचा आवाज येत होता. त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला तेव्हा कोणी उचलला नाही. मी पत्र पाठवले, या वेळी अर्ध्या पानाचे, परिशिष्टांविना. तेही न फोडता परत आले.

भाऊजी त्यानंतर एकोणीस दिवस होते. त्या दिवसांत त्यांनी एकदाही किती वाजले हे विचारले नाही. औषधाचे थेंब ते पूर्वी माझ्याबरोबर मोजत. आता मी किती टाकतो याकडे पाहतही नसत. मी उंबऱ्यात पाऊल टाकी, आणि प्रश्न येत नसे.

एकदा मात्र आपण होऊन बोलले. "अर्जदार, त्या दिवशी सही केल्यावर मी पाऊण तास साखळी गुंडाळत बसलो होतो. पाच मिनिटांचं काम. उठवत नव्हतं रे. ती दारात उभी होती. तिला वाटलं, बाबा कामात आहेत."

"हे पत्रात लिहिलंय?"

"तेवढंच लिहिलंय," ते म्हणाले. "पाऊण तास हे नाही लिहिलं. खूप वेळ, असं लिहिलंय."

मुलीला फोन, निरोप, सगळे केले. ती आली नाही. ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्यासाठीचा खड्डा सहा इंच आखूड खणला होता आणि तो ऐनवेळी वाढवावा लागला. त्याबद्दलही मी लेखी कळवले आहे.

मग मी चर्चच्या समितीला अर्ज केला, की दारासमोरची ठोकळ्यांची केवळ एक ओळ काढून खालची पायरी उघडी करावी. उत्तर आले: सदर काम आपल्याच अर्जावरून करण्यात आले असल्याने आपल्या या विनंतीचा विचार करता येत नाही. संकेतस्थळाला तीनदा लिहिले. कोड्यात बदल फक्त ते रचणाराच करू शकतो, असे त्यांनी तिन्ही वेळा कळवले, आणि रचणारा प्रतिसाद देत नाही म्हणून महिन्याभराने कोडेच यादीतून काढून टाकले. पत्र काढून टपालाने पाठव, असे शेजाऱ्यांनी सुचवले. कोणत्या टपालाने? तिच्या दारावरून परत आलेली तीन पाकिटे माझ्या कपाटात आहेत. चौथे तिथे ठेवण्यापेक्षा ते आहे तिथे, दगडामागे बरे. ते मी फोडणार नाही. ते तिचे आहे.

मला एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. दर रविवारी मी खडू घेऊन जाऊ लागलो आणि दिसणाऱ्या सगळ्यांत खालच्या पायरीवर लिहू लागलो: 'याखाली आणखी एक आहे.' न जाणो, पुन्हा आली, मुलीला काही दाखवायला म्हणून आली, तर वाचील. चर्चची झाडलोट करणारी बाई दर सोमवारी ते धुऊन टाकी. एका रविवारी तिने मला गाठले.

"साहेब, खाली काय आहे म्हणता?"

"सातवी पायरी."

"मग? आम्ही रोज वर जातो. खाली कोणाला जायचंय?"

"एक जण येईल. तिला मोजायच्यात."

"बरं," ती म्हणाली, "पण सोमवारी मी धुणार. मला वरून बोलणी बसतात."

गेल्या महिन्यात कोणीतरी माझ्याविरुद्ध तक्रार केली. एक मध्यमवयीन इसम पवित्र वास्तूच्या पायऱ्या वारंवार विद्रूप करतो, असा मजकूर होता. तक्रारीला छायाचित्र जोडलेले होते. समितीने तीन दिवसांत निर्णय घेतला. मला आवारात येण्यास मनाई करण्यात आली आहे, आणि ते पत्र मला पोचल्याची सही माझ्याकडून घेण्यात आली आहे.

डबा आत आहे. कचेरीतून येताना मी आता वाट वाकडी करून कुंपणापाशी थांबतो. गजांमधून मोठे दार दिसते, गोल खिडकी दिसते, पायऱ्या दिसतात. किती आहेत ते मला माहीत आहे. तरी मोजतो. सहा.